तहानलेला खडक

२०४३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. उरणच्या कामगार सभागृहात सिंधुतेल कंपनीचे साडेसहाशे लोक दुपारचं जेवण उरकून जमले होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून निम्मे भिंतीला टेकून उभे होते. विषय एकच होता, कंपनीने पुढे करायचं काय?

अरबी समुद्रातल्या कंपनीच्या विहिरी आटत आल्या होत्या. जे तेल निघत होतं त्यालाही पूर्वीसारखी मागणी नव्हती, कारण रस्त्यावरच्या दहातल्या आठ गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या. संचालक मंडळात दोन तट पडले होते. तेल कंपनीने तेलच काढावं आणि ते संपलं की मानाने कुलूप लावावं, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट म्हणत होता की आपला धंदा ऊर्जेचा आहे, तेल हा त्याचा फक्त एक प्रकार. कंपनीच्या अध्यक्ष अरुंधती सबनीस या दुसऱ्या तटाच्या. मंडळाकडून त्यांनी मोठ्या मुश्किलीने एक संधी मिळवली होती. संगमेश्वर तालुक्यातल्या उन्हवडे गावी, जिथे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे सात किलोमीटर खोल विहीर खोदायची, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेसाठी. जूनपर्यंत ती यशस्वी झाली तर कंपनी त्या वाटेने जाणार, नाहीतर कुलूप.

माइकसमोर इब्राहिम मुकादम उभे होते. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातले इब्राहिमभाई सदतीस वर्षं समुद्रातल्या रिगवर, म्हणजे विहिरी खोदायच्या मचाणावर, काम करत होते. आठ वर्षं ते कामगार संघटनेचे अध्यक्ष होते आणि पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते.

"आम्हाला नवं काही नको असं नाही," ते म्हणाले. "पण नव्याची चव आम्ही घेतलेली आहे. बारा वर्षांपूर्वी कंपनीने सौर पॅनेलचा कारखाना काढला. आपली चाळीस माणसं तिकडे वाळवंटात पाठवली. उधाणात क्रेन चालवणारी माणसं तिथे फडकं घेऊन काचा पुसत होती. कारखाना तीन वर्षांत बंद. माणसं परत आली, पण कशी आली ते तुम्हाला ठाऊक आहे. तशी पाळी पुन्हा कुणावर येण्यापेक्षा मी म्हणतो, कुलूप लावा. निदान तेलवाले म्हणून घरी जाऊ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर मधल्या रांगेतून एक बाई उठली.

"चाचा, मला बोलायचंय."

ती हर्षदा घरत. वय पंचेचाळीस, मूळची उरणचीच. कंपनीच्या रिगवर गेलेल्या पहिल्या चार बायकांपैकी एक. तिचं काम खोदताना लागणाऱ्या चिखलाचं, म्हणून रिगवर तिला सगळे चिखलवाली बाई म्हणत, आणि इब्राहिमभाईंनीच तिला ते काम हाताला धरून शिकवलं होतं.

"पॅनेलचा कारखाना चुकला, हे मला मान्य," ती म्हणाली. "पण तो का चुकला? आपल्याला काच बनवता येत नव्हती म्हणून. आपल्याला जमीन खोदता येते. उन्हवड्याला तेच करायचंय. मी जाणार आहे."

इब्राहिमभाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि माइकपासून तोंड बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरी जाऊन संदेशला विचार आधी."

संदेश म्हणजे हर्षदाचा नवरा. त्या चाळीस माणसांतला एक.

*

खोल विहीर खोदताना चिखल लागतो, हे बाहेरच्या फार थोड्यांना माहीत असतं. खोदणारं दातेरी चाक, ज्याला बिट म्हणतात, ते लांबच लांब पाइपाच्या टोकाला फिरत असतं. वरून त्या पाइपातून चिखल पंपाने खाली ढकलतात. तो बिटच्या तोंडातून बाहेर पडतो, बिट थंड ठेवतो आणि दगडाचा चुरा घेऊन पाइपाबाहेरच्या फटीतून वर येतो. शिवाय त्याच्या वजनाने विहिरीच्या भिंती ढासळत नाहीत आणि खालचे वायू किंवा वाफ उसळत नाही. चिखल वाईट तर विहीर वाईट. वर आलेला चिखल बोटांत चोळून खाली काय चाललंय ते सांगणं, ही हर्षदाची विद्या.

तेलाच्या विहिरीत तापमान दीडशे अंशांच्या फारसं वर जात नाही. उन्हवड्याला सात किलोमीटरवर ते चारशे असेल असा अंदाज होता. आणि त्या चारशे अंशांतच सगळी गंमत होती. पाणी शंभर अंशांवर उकळतं हे शाळेत शिकवतात. पण जमिनीखाली दाब जबरदस्त असतो. तापमान तीनशे चौऱ्याहत्तर अंशांच्या वर गेलं आणि दाब हवेच्या दोनशे वीस पटींहून जास्त झाला, की पाणी धड पाणी राहत नाही आणि धड वाफही होत नाही. ते साध्या वाफेपेक्षा कितीतरी दाट असतं, तरी वाफेसारखं बारीक फटीतून सहज वाहतं. अशा पाण्याची एक विहीर साध्या गरम पाण्याच्या आठ-दहा विहिरींएवढी वीज देऊ शकते.

अडचण एकच होती. त्या उष्णतेत नेहमीचा चिखल मातीच्या भांड्यासारखा भाजून कडक होतो आणि पाइप कायमचा अडकतो. जगात ठिकठिकाणी असे प्रयत्न तिथेच थांबले होते.

त्यावर हर्षदाला उपाय सापडला होता तो सह्याद्रीतच. आपल्या काळ्या पत्थराच्या पोकळ्यांमध्ये एक हिरवट, साबणासारखी बुळबुळीत माती मिळते. दगडखाणीतले लोक ती फेकून देतात. हजारो वर्षं गरम पाण्यात राहून तयार झालेली ही माती उष्णतेला घाबरत नाही. चार वर्षं कंपनीच्या प्रयोगशाळेत हर्षदाने तिच्यावर काम केलं, आणि तिच्या हाती एक विलक्षण चिखल आला. तापवून स्थिर ठेवला की तो खरवसासारखा घट्ट होई. हलता ठेवला की कितीही तापवा, ताकासारखा वाहता राही. आणि घट्ट झालेल्यावर थंड पाणी सोडलं की पुन्हा पातळ.

प्रयोगशाळेत. विहिरीत तो कुणीच वापरला नव्हता.

*

सभा संपल्यावर हर्षदा घरी न जाता सरळ मोरा बंदराच्या धक्क्यावर गेली. तिथे संदेशचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. वाळवंटातून परतल्यावर दोन वर्षं तो कुणाशी धड बोलला नव्हता. मग एक दिवस त्याने शेजारच्या कोळ्याचं बंद पडलेलं इंजिन उघडलं आणि त्यातून हे दुकान उभं राहिलं.

"तुला चाचांचं कळलंच असेल," ती म्हणाली.

"तासाभरात चार फोन आले." संदेश चिंधीने हात पुसत होता. "तू माझ्यामुळे थांबणार असशील तर थांबू नकोस."

"तुला राग नाही?"

त्याने चिंधी बाजूला ठेवली.

"हर्षदा, मला पॅनेलचा राग कधीच नव्हता. उन्हातून वीज होते ही चांगलीच गोष्ट आहे. मला राग कशाचा होता सांगू? मी वीस टनांचा पाइप हलत्या बोटीवर अलगद ठेवत होतो. ती कला माझ्या हातात होती, आणि तिथे तिला कुणी विचारत नव्हतं. पगार मिळायचा. पण संध्याकाळी आपण काय केलं असं मुलीला सांगायला काही नसायचं." त्याने इंजिनाचं झाकण बसवलं. "तुमच्या त्या डोंगरात इब्राहिमचाचाच्या हाताला काम आहे का, एवढंच मला सांग."

"आहे. यंत्राने होण्यासारखं नाही ते."

"मग हे मला काय सांगतेस? त्यांना सांग."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा इब्राहिमभाईंच्या घरी गेली ती एक शेगडी, एक पातेलं आणि दोन किलो हिरवट चिखल घेऊन. इब्राहिमभाईंनी दार उघडलं, सामान पाहिलं आणि बाजूला झाले.

अंगणात तिने चिखल तापत ठेवला. निम्मा वाडग्यात काढून बाजूला ठेवला, उरलेला कालथ्याने ढवळत राहिली.

"हा बघा, वाडग्यातला बसला. पातेल्यातला वाहतोय. दोन्ही एकच."

इब्राहिमभाईंनी वाडगा उपडा केला. चिखल पडला नाही. मग त्यांनी तिच्या हातातून कालथा घेतला आणि स्वतः ढवळू लागले. आधी जोरात, मग हळू, मग आणखी हळू. एका ठिकाणी येऊन ते थबकले आणि पुन्हा ढवळू लागले.

"इथे," ते म्हणाले. "या वेगाखाली गेलं की हाताला जड लागतं. धरायला बघतो."

"तेवढंच मला मोजता येत नाही, चाचा. खोली बदलली, उष्णता बदलली की तो वेग बदलतो. माझी यंत्रं सांगतात तोवर चिखल बसून गेलेला असतो. तुम्ही पाइपाला हात लावून सांगता. मी बावीस वर्षं बघतेय."

इब्राहिमभाई बराच वेळ ढवळत राहिले. मग म्हणाले, "सभेत मी संदेशचं नाव घ्यायला नको होतं, गो."

"त्यानेच मला इथे पाठवलं."

त्यांनी शेगडी बंद केली. "एक विहीर. आणि रिगवर माझी माणसं मी निवडणार."

*

उन्हवड्याला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खोदकाम सुरू झालं. पहिले पाच किलोमीटर अंदाजाप्रमाणे गेले. एप्रिल लागेपर्यंत वर येणारा चिखल इतका तापलेला असे की टाक्यांवर शिंपणी करून तो थंड करावा लागे.

अठरा एप्रिलच्या सकाळी, सहा हजार एकशे चाळीस मीटरवर, चिखलातला चुरा वेगळा करणाऱ्या चाळणीवर येणारी धार बारीक झाली. मग थेंब थेंब. मग थांबली.

हर्षदा चाळणीपाशीच उभी होती. खाली पंपाने चिखल जात होता आणि वर काहीच येत नव्हतं. म्हणजे खाली कुठेतरी खडक फाटलेला होता आणि सगळा चिखल त्या भेगांत शिरत होता. ती धावत खोदकामाच्या केबिनमध्ये गेली. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. स्वयंचलित यंत्रणेचा हुकूम स्पष्ट होता, पंप बंद करा, पाइप वर ओढा, विहीर सोडा.

इब्राहिमभाई खुर्चीत बसलेले होते. एक हात बटणावर, दुसरा केबिनमधून जाणाऱ्या पोलादी खांबावर.

"समुद्रात असतो तर मी केव्हाच पंप बंद केला असता," ते म्हणाले. "तेलाच्या विहिरीत चिखल गेला म्हणजे घात. इथे काय ते तू सांग."

इतक्यात मुंबईहून सबनीसबाईंचा फोन आला. कार्यालयातही तेच आकडे दिसत होते.

"हर्षदा, मंडळाची बैठक चालू आहे," त्या म्हणाल्या. "इथे सगळे म्हणतायत विहीर गेली. माणसं बाहेर काढा आणि बंद करा म्हणून सांगतायत. तुझं मत काय?"

हर्षदाने डोळे मिटले. बाईंचा प्रश्न आणि चाचांचा प्रश्न तिच्या डोक्यात एकमेकांवर आदळत होते. तेलाच्या विहिरीत घात. पण ही तेलाची विहीर नव्हती. इथे त्यांना हवं होतं काय? गरम खडकातून वाहणारं पाणी. आणि पाणी वाहायला खडकाला काय हवं? भेगा. सहा किलोमीटर खाली, जिथे एवढ्या वजनाखाली भेगा दाबून मिटून जातात असं सगळे म्हणत होते, तिथे हा खडक मिनिटाला हजार लिटर चिखल पीत होता.

"बाई," ती म्हणाली, "विहीर गेली नाही. आपण जे शोधत होतो ते सापडलंय. जो खडक एवढा चिखल पितो, त्यातूनच उद्या पाणी वर येणार. फक्त आत्ता त्या भेगा तात्पुरत्या बुजवून पुढे जायला हवं. माझा चिखल भेगेत शिरला की थांबतो. थांबला की तापून घट्ट होतो. वेळ द्यायला हवा."

"किती?"

"टाक्यांत तीन तासांचा चिखल आहे. तेवढ्यात भेगा बुजल्या नाहीत तर पाइप अडकेल आणि विहीर खरंच जाईल."

"आणि माणसं?"

हर्षदाने इब्राहिमभाईंकडे पाहिलं. चिखलाची पातळी खाली गेली की दाब कमी होतो आणि खालची वाफ उसळू शकते, हे दोघांनाही माहीत होतं.

"पाइपाबाहेरच्या फटीत आम्ही वरून सतत पाणी भरत राहू, म्हणजे दाब टिकेल. सुरक्षा झडपा तयार आहेत. तरी बाकी सगळ्यांना मी टेकडीपलीकडे पाठवते. केबिनमध्ये दोघं लागतील. एक मी."

"दुसरा मी," इब्राहिमभाई म्हणाले. "तो काय प्रश्नच नाही."

फोनवर मागून कुणाचा तरी चढलेला आवाज ऐकू आला.

"मंडळाला मी सांभाळते," सबनीसबाई म्हणाल्या. "निर्णय माझा म्हणून नोंदवा. वाफेची नुसती शंका आली तरी दोघांनी बाहेर पडायचं. तुम्ही काम करा."

इब्राहिमभाईंनी स्वयंचलित यंत्रणा बंद केली.

पुढचे दोन तास पन्नास मिनिटं त्या केबिनमध्ये फार कमी बोलणं झालं. पंप जोरात ठेवला तर भेगेतला चिखल हलत राही आणि बसत नसे. फार हळू केला तर पाइपाभोवतीचाच बसू लागे. या दोन्हींच्या मधली वाट केसाएवढी होती आणि ती दर मिनिटाला सरकत होती. इब्राहिमभाईंनी पडद्याकडे पाठ फिरवली होती. डावा तळवा खांबाला चिकटवून ते पाइपाची थरथर ऐकत होते. हर्षदा तापमान वाचून सांगे, आणि ते उजव्या हाताने पंप किंचित वर घेत, किंचित खाली.

"धरतोय," ते मध्येच म्हणत, आणि पंप वाढवत. "सुटला."

पहिली टाकी संपली. दुसरी संपली. तिसरीचा तळ दिसू लागला तेव्हा हर्षदाच्या मनात आलं, साडेसहाशे माणसांचं काम मी एका पातेल्यातल्या प्रयोगावर लावलंय.

"चाचा, दहा मिनिटांचा उरलाय."

"गप्प ऐक."

"काय?"

"पाइपाचा आवाज बदललाय. भरलेल्या घागरीसारखा येतोय."

हर्षदा केबिनमधून बाहेर पळाली. चाळणी कोरडी होती. ती तिथे उभी राहिली. मग जाळीवर एक हिरवट थेंब पडला. मग धार लागली. मग दगडाच्या चुऱ्यासकट, वाफाळत, चिखलाचा पूर्ण लोट चाळणीवर येऊन आदळला आणि शिंतोडे तिच्या हेल्मेटच्या काचेवर उडाले.

तिने हातमोजा काढला, निवलेल्या कडेचा चिखल बोटांत चोळला. चुऱ्यात पांढरे, टोकदार स्फटिक होते. गरम पाणी वाहतं तिथेच तयार होणारे.

केबिनच्या दारात इब्राहिमभाई उभे होते.

"बरी आहे ना विहीर?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," हर्षदा म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदम आलं.

*

बावीस मेला, हवी तेवढी उष्णता मिळाल्यामुळे, ते सहा हजार आठशे दहा मीटरवरच थांबले. थंड पाणी सोडून भेगांतला चिखल मोकळा केला. तीस तारखेला सकाळी साडेनऊला झडप उघडली. गावातले लोक समोरच्या डोंगरावर बसून बघत होते. संचालक मंडळ आलं होतं, कुलूप लावा म्हणणारेही. संदेश मुलीला घेऊन आला होता.

आधी जमिनीतून एक घुमणारा आवाज आला, मग आडव्या नळाच्या तोंडातून पांढरा झोत सुटला आणि बघता बघता त्याचा रंग गेला. नळाच्या तोंडाशी काहीच दिसेना, नुसती थरथरणारी हवा, आणि पांढरा ढग पार वीस हात पुढे सुरू होई. उष्णता इतकी होती. आकडा आला, तीनशे शहाण्णव अंश. एका विहिरीतून बत्तीस मेगावॉट, अहोरात्र. मध्यम आकाराच्या एका शहराला पुरेल इतकी वीज.

सबनीसबाईंनी कानातले बोळे काढले आणि मंडळाकडे वळून म्हणाल्या, "मत आत्ता घ्यायचं की जेवणानंतर?"

मत तिथेच, टेकडीवर उभ्याउभ्या झालं. विरोधात एकही हात वर आला नाही.

बातमीदारांनी इब्राहिमभाईंना गाठलं. एका तरुण मुलीने विचारलं, "तुम्ही आयुष्यभर तेल काढलंत. आता वाईट वाटतं का?"

इब्राहिमभाईंनी विचार केला. "तेलाने या देशाची गाडी चालवली, त्यात माझा हात होता. त्याचा मला अभिमान आहे आणि राहील. पण मी तेल बनवलं नव्हतं. मी खोदत होतो. ते मी आजही करतोय."

त्यांनी निवृत्ती तीन वर्षं पुढे ढकलली. पावसाळा संपल्यावर समुद्रातल्या रिगवरची पहिली चोवीस माणसं उन्हवड्याला दुसऱ्या विहिरीसाठी आली. बसमधून उतरताना त्यांचे चेहरे ओढलेले होते. त्यांतल्या कुणाचा भाऊ, कुणाचा मामा त्या वाळवंटात जाऊन आलेला. बॅगा पायाशी ठेवून, हाताची घडी घालून ती माणसं रांगेत उभी राहिली. समोर नवा रिग होता, आणि त्याच्या क्रेनवर संदेश घरत बसलेला होता. मोऱ्याचं दुकान भाच्याकडे सोपवून तो महिन्यापूर्वीच रुजू झाला होता.

"ओळख करून देतो," इब्राहिमभाई त्यांना म्हणाले. "या हर्षदाबाई घरत. खोदकाम प्रमुख. यापुढे माझ्या साहेब. मी यांना चिखल कालवायला शिकवलं आणि यांनी मला डोळे मिटून खोदायला लावलं. पहिल्या विहिरीत जे जमलं ते जगात आधी कुणाला जमलं नव्हतं. ते आपल्या माणसांनी केलं, समुद्रावरच्या, तुमच्यासारख्याच. कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या रांगेतला पंचवीस वर्षं पाइप जोडणारा एक माणूस भीत भीत म्हणाला, "बाई, आम्हाला इथे नेमकं काय करायचंय?"

हर्षदाने त्याचे हात पाहिले. वर्षानुवर्षं पोलाद हाताळून रुंद झालेले, चरे पडलेले.

"जे तुम्हाला येतं तेच," ती म्हणाली. "फक्त जास्त खोल."

रांगेत कुणीतरी हसलं. हाताच्या घड्या सुटल्या. चोवीस माणसांनी बॅगा उघडून हेल्मेटं काढली, डोक्यावर चढवली, आणि वर क्रेनवर संदेशने पहिला पाइप उचलला.